टिकलात तर नाव विचारू

शिक्षकभरतीच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळं कार्यालय भरतीबाई म्हणायचं. त्यांच्या जिभेवर साखर आहे हे शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. धरणापलीकडच्या शाळेत गणित शिकवायला त्यांनी दोन वर्षांत चौघांना याच साखरेवर पाठवलं होतं. चौघांनीही महिन्याच्या आत काढता पाय घेतला.

"आज पाचपर्यंत ती जागा भरली नाही, तर वरचे तिन्ही वर्ग बंद," साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. बंद म्हणजे काय होणार, हे भरतीबाईंना कागद न बघता कळत होतं. मुलं शहरात शिकायला जातील असं कागदावर लिहायचं, आणि निम्म्या मुली घरी बसणार.

चार वाजता एकुलती एक उमेदवार आली. चाळिशीची, पंधरा वर्षं औषधाच्या कारखान्यात माल तपासलेली, शिकवण्याची पदवी नुकतीच पदरात पडलेली. भरतीबाईंनी लगेच माहितीपत्रक पुढे सरकवलं. त्यावरचा फुलझाडांचा फोटो कार्यालयामागच्या शाळेचा होता. फोटो गोड असला की माणूस अर्धा वाटेवर येतो, असं त्यांचं मत.

"जवळच आहे हो शाळा. बस काय, दर अर्ध्या तासाला..." एवढं बोलताना त्यांचं लक्ष तिच्या बुटांकडे गेलं. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. असला लाल चिखल धरणापलीकडेच होता.

"काल जाऊन आले मी," ती शांतपणे म्हणाली. "कारखान्यात सवयच लागली. नुसतं लेबल वाचून माल पास करत नाही."

भरतीबाईंनी माहितीपत्रक हळूच स्वतःकडे ओढलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"बस दोनच आहेत. मुख्याध्यापक घंटा स्वतःच देतात. आणि ही फुलझाडं काही दिसली नाहीत मला." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "मुलांना नाव सांगायला लागले, तर एक मुलगी म्हणाली, 'नको बाई. टिकलात तर विचारू.' रागानं नाही हो, अगदी समजुतीनं सांगितलं तिनं."

भरतीबाईंना एकदम भरून आलं. चारही नावं त्यांनीच पाठवली होती, साखर लावून. त्या पोरीला एवढी समजूत आली ती आपल्यामुळे, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी माहितीपत्रक टोपलीत टाकलं. "आता माझं ऐका. पावसात रस्ता आठ-आठ दिवस बंद असतो. राहायची खोली गळते. शेजारीण भोचक आहे, चौथ्या मास्तरांनी तिच्यापायीच पळ काढला. फोन लागतो तो फक्त पाण्याच्या टाकीवर चढून." मोजता मोजता हाताची बोटं संपली तरी त्या बोलतच होत्या. घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती, आणि आपण आपल्याच पायावर धोंडा पाडतोय हे त्यांना दिसत होतं.

"झालं?" तिनं विचारलं.

"छप्पर पत्र्याचं आहे. आता झालं."

"मग द्या कागद. खोली गळते ते काल कोणी बोललं नाही, बादल्या घेऊन जाईन." आणि तिनं सही केली.

भरतीबाईंनी नियुक्तीचा कागद स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. शिपायावर त्यांचा भरवसा नव्हता.

पहिला महिना त्यांनी धाकधुकीत काढला. फोन वाजला की वाटायचं, गेली वाटतं हीसुद्धा. दुसरा महिना गेला. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी खरंच तिचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे वारा घोंघावत होता. बाई टाकीवर चढलेली होती.

"आज विचारलं हो तिनं!"

"कोणी? काय?"

"नाव! त्या मुलीनंच फळ्यावर लिहिलंय, एवढं मोठं. गणिताला जागा उरली नाही, तरी कोणी पुसू देत नाही."

भरतीबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि दारात ताटकळलेल्या नव्या उमेदवाराला आत बोलावलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आधी वाईट काय ते सांगते."