मापाच्या वहीतलं बटणाचं पान

कात्री मीच उघडी ठेवली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

आमच्या दुकानात कापायचं काम माझं, शिवायचं माझ्या धाकट्या भावाचं. लहानपणी गोल गरगरीत होता, म्हणून मी त्याला बटण म्हणते. त्या दिवशी तो टेबलावरून वाकून खडू घ्यायला गेला, पाय सटकला आणि माझ्या कात्रीचं पातं त्याच्या उजव्या मनगटाच्या वर खोल घुसलं. टाके पडले, जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर ती बधिरच. इस्त्रीला बोट टेकलं ते त्याला वासावरून कळलं.

मी रडले नाही, येईल त्याच्यावर खेकसत सुटले. कात्रीला मात्र हात लावला नाही. कापायला बाहेरचा कटर येऊ लागला.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. खिशात पेनं कोंबून कोंबून त्यांच्या कोटाचा खिसा उसवला होता, माझं सगळं लक्ष तिकडे. म्हणाल्या, "मज्जातंतूचा मधला तुकडाच खराब झालाय. टोकं ओढून जुळणार नाहीत. मधे एक मऊ नळी बसवू, आत तंतूला वाढायला लावणारं औषध. त्यातून तो वाट काढेल. नळी मागाहून आपोआप विरघळेल."

"म्हणजे कच्ची टीप," बटण म्हणाला. "पक्की शिवण बसली की काढून टाकायची."

"तसंच. फक्त तुमचा टाका मोठा. हा दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो."

ऑपरेशन झालं. नंतर काय करायचं तेही बाईंनी शिकवलं: जखमेपासून पंजाकडे बोटाने टिचक्या मारत जायचं, जिथे झिणझिण्या येतील तिथवर तंतू पोचला. मी दर रविवारी टिचक्या मारायची, तो "इथे" म्हणाला की खडूने खूण करायची, टेपने मोजायची आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत लिहायची. छाती-कंबरेच्या मापांमध्ये बटणाचं एक अख्खं पान झालं. दर आठवड्याला सात मिलिमीटर. मी खूश होते.

तीन महिन्यांनी वही बाईंपुढे ठेवली. त्यांनी पान पाहिलं, मग बटणाकडे पाहिलं. "दर आठवड्याला बरोब्बर सात? तंतू काय पट्टी घेऊन चालतो?" त्यांनी त्याला डोळे मिटायला लावून टिचक्या मारल्या. खरी झिणझिणी माझ्या खुणेच्या दोन बोटं मागे होती.

"येतोय," बाई म्हणाल्या. "सावकाश, पण येतोय. खोटं कशाला सांगता?"

बाहेर आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "ताई, तू कात्री धरत नव्हतीस ना. म्हटलं, आकडे बघून तरी धरशील."  

त्या दिवसापासून मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं सोडलं. पुढे पंजापर्यंत झिणझिण्या पोचल्या, तेव्हा डोळ्यांवर रुमाल बांधून बोटांत चिंधी द्यायची आणि ओळख म्हणायची. महिनोन् महिने तो चुकायचा. कधी बरोबर यायचं, तर मला वाटायचं, अंदाजाने ठोकलं असणार.

वर्ष उलटून गेलं होतं. बाईंसाठी नवा कोट शिवायचा म्हणून पांढरं ड्रिल, तिरप्या विणीचं जाड कापड, आणलं. मी ते टेबलावर पसरलं आणि बाहेरच्या कटरची वाट बघत बसले. रुमाल बांधलेल्या बटणाला म्हटलं, "हे सांग."

त्याने अंगठा आणि बोटामध्ये कापड चोळलं. पुन्हा चोळलं.

"ड्रिल आहे. पण ताई, उलटी बाजू वर का ठेवलीस?"

तीस वर्षांत मी कापड उलटं पसरलेलं नाही. "काहीतरी बडबडू नकोस," म्हणत उजेडात वाकून पाहिलं. सुलट्या बाजूला ठळक असतात त्या तिरप्या रेघा इथे पुसट. बाजू उलटीच होती. मलाच माहीत नव्हतं, म्हणजे माझ्या आवाजावरून ओळखायचा प्रश्नच नव्हता.

मी त्याचा हात धरला आणि त्या तीन बोटांवर डोकं टेकलं. बाईंचे किती उपकार मानावे ते कळेना. "ताई, ओलं लागतंय," तो म्हणाला. तेही त्याला कळलं.

मग मी कापड सुलटं केलं, खणातली कात्री काढली आणि कोट कापला. खिसे दुहेरी कापडाचे. काम झाल्यावर कात्री मिटून खुंटीला लावली.