वळांना वळसा

माणसाचं तोंड मी विसरते, पाठ विसरत नाही. कोरियातल्या गुन्सान शहराच्या या सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासून देण्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी तिशीतली एक बाई माझ्या ओल्या बाकावर पालथी झाली, तेव्हा नाव विचारायची गरजच पडली नाही. उजव्या खांद्याखाली पट्ट्याच्या बकलाची चौकोनी खूण, खाली तीन तिरपे पांढरे व्रण. दासुल. आठ-नऊ वर्षांची असताना आई तिला दर रविवारी घेऊन यायची.

हातात अंग घासायची खरखरीत हिरवी पिशवी चढवली आणि मानेपासून घासायला लागले.

"ओळखलंत ना, मावशी?" तिनं खाली तोंड करूनच विचारलं.

"छे गं. दिवसाला वीस पाठी घासते मी. कोणाकोणाला ध्यानात ठेवू?"

खोटं बोलले. साठी उलटलेली बाई मी, फटकळ म्हणून गल्लीभर ख्याती, आणि तिथं खरं बोलवेना.

तिचा बाप आमच्या मालकिणीचा धाकटा भाऊ. गल्ल्यावर बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला गोड हसून 'वहिनी, वहिनी' करायचा. आणि पोरीच्या अंगावर दर रविवारी नवे वळ. आई म्हणायची, "जिन्यावरून पडली." मी म्हणायचे, "पोरं पडायचीच." जिन्याला कुठं बक्कल असतं? पण नोकरी जाईल म्हणून मान भिंतीकडे वळवायचे आणि मूग गिळून बसायचे. पोर निघाली की तिच्या हातात केळ्याच्या स्वादाच्या दुधाची बाटली ठेवायचे. आणि घरी जाऊन वर स्वतःलाच म्हणायचे, मालसुन, तू फार हळव्या मनाची गं बाई.

"तुम्ही वळांना वळसा घालून घासायचात," दासुल म्हणाली. "बाकी पाठ खसाखसा, आणि तिथं आलं की हात हळू. तेव्हाच मला कळलं, मावशीला माहीत आहे."

माझा हात थांबला.

"दर रविवारी वाटायचं, आज मावशी कोणाला तरी सांगतील. दोन वर्षं वाट बघितली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या हळू हाताचंच तर मी इतकी वर्षं कौतुक करत आले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दहाव्या वर्षी एकटीच पोलीस चौकीत गेले. अनवाणी, ऐन डिसेंबरात. सदरा वर करून पाठ दाखवली."

त्या हिवाळ्यात तिचा बाप गल्ल्यावरून एकाएकी का दिसेनासा झाला, ते मला आज कळलं. माझ्यासारख्या घोडीला जे जमलं नाही, ते त्या चिमुरडीनं केलं होतं.

"त्यानंतर कुठल्याच न्हाणीघरात पाय ठेवला नाही," ती म्हणाली. "आता लेक सहा वर्षांची झालीय. नव्या वर्षाच्या सणाआधी सगळ्या पोरी आयांबरोबर आंघोळीला जातात, आपण का नाही, म्हणून मागे लागलीय. किती टाळू? आणि लाज मी का बाळगायची, मावशी? मी काय केलंय?"

टोमणा म्हणून म्हणाली नव्हती. तरी मला तो बसला.

"आज वळसा घालू नका. बाकीच्यांसारखी घासा."

घासली. व्रणांवरून, बकलाच्या खुणेवरून, सगळा जोर लावून. रडलेही, पण न्हाणीघरात ते कोणाला कळतंय. ती निघाली तेव्हा सवयीनं केळ्याच्या दुधाची बाटली पुढे केली. तिनं ती माझ्याच हातात परत दिली.

"हे नको. पण लेक आली की विचारणार. तिला 'पोरं पडायचीच' सांगू नका. खरं काय ते सांगा."

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी मायलेकी आल्या. न्हाणीघर गच्च भरलेलं. बाकालगतच्या हौदात आमची म्हातारी मालकीण गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली. दासुल पालथी झाली, तशी तिची बोळक्या तोंडाची पोरगी बाकाला टेकून उभी राहिली.

"आजी, आईच्या पाठीला काय झालंय?"

मी हौदाकडे बघितलं. नोकरी अजून तिच्याच हातात होती.

"तिच्या बापानं मारलं," मी हौदात ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. "पट्ट्यानं. लहान होती ती."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी बघत होते."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही, बाळ. जे केलं ते तुझ्या आईनं."

हौदातलं पाणी हललं. मालकिणीनं मान भिंतीकडे वळवली, अगदी मी वळवायचे तशी.