बाबांचे अठरा मासे

टक्क.

दुपारभर गप्प बसलेलं घर त्या आवाजाने दचकलं. पाच वाजले होते. माशांच्या टाकीवरचा दिवा टायमरने आपला आपण लागला. टायमर सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, लावलेला. त्यांना जाऊन महिना उलटला, पण दिवा अजून वेळेवर हजर होतो.

बाबा बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. दिवा लागला की खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे. झाडांच्या हिरव्या पानांमधून निऑन मासे बाहेर यायचे. बोटाच्या पेराएवढे जीव, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. एक वळला की सगळे वळायचे. "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" बाबा ओरडायचे, आणि माझी पाच वर्षांची ठकी मोजायला लागायची. अठरा. सतराच भरले तर बाबा म्हणायचे, "एकजण विनातिकीट दिसतोय. झाडात लपलाय बघ."

मला म्हणायचे, "आयुष्यभर गर्दीला शिव्या घातल्या गं सूनबाई, आणि आता हीच गर्दी घरात आणून ठेवली."

आज टाकीत एकच मासा होता. पार मागे, एका रुंद पानाखाली. निळी रेघ पुसट, लाल तर गेलेलाच.

हे मी केलं.

दर रविवारी बाबा टाकीतलं थोडं पाणी बादलीत काढायचे, फिल्टरचा स्पंज त्यात दोनदा पिळायचे आणि तसाच तपकिरी परत बसवायचे. मी चिडवायचे, "बाबा, ही तर कावळ्याची आंघोळ!"

"तेवढीच पुरते त्याला," ते हसायचे. का पुरते, ते मी कधी विचारलं नाही.

बाबा अचानक गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या हातून त्यांचं काहीच झालं नाही, ना औषध, ना पाण्याचा घोट. ते आत कुठेतरी टोचत होतं. म्हणून एका रविवारी पदर खोचला आणि त्यांची टाकी धुवायला घेतली. स्पंज नळाखाली मूळचा पिवळा रंग दिसेपर्यंत चोळला, खडे धुतले, पाणी सगळं नवं भरलं. काच लखलखली. नवरा कामावरून आला आणि टाकीसमोर उभा राहिला. "बाबा खूश झाले असते," एवढंच म्हणाला.

चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. सकाळी तीन गेले. संध्याकाळी आणखी पाच.

माशांच्या दुकानातल्या काकांनी कपाळाला हात लावला. "ताई, ती घाण नव्हती हो. त्या चिकट थरात बारीक जीव असतात. माशांनी पाण्यात सोडलेलं विष तेच पचवतात. तुम्ही नळाखाली धरून सगळे मारलेत."

"आता नवे मासे नेऊ का?"

"तेही जातील. ते जीव परत धरायला महिना तरी लागेल. उरलेत ते इकडे आणा. एकटादुकटा तर मुळीच ठेवू नका. हा जमावातला जीव, झुरून मरतो."

मी नेले नाहीत. बाबांचे मासे दुकानात द्यायचे? रोज पाणी बदलत राहिले आणि एकेक जात राहिला. ठकीने विचारलं होतं, "आजोबांनी बोलावून घेतले का गं?" आणि मी मान डोलावली होती. माझं पाप सरळ त्यांच्या माथ्यावर.

आज दिवा लागला तसं ठकीने मोजलं. "एक." पुढे काही नाही. मग मी पिशवी काढली, त्याला पाण्यासकट तिच्यात घेतलं आणि आम्ही दुकानाकडे निघालो.

रस्त्यात तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "ठकी, मासे आजोबांनी नाही नेले. माझ्यामुळे गेले. मी टाकी चुकीची धुतली."

तिने पिशवीत पाहिलं. "मुद्दाम?"

"नाही गं."

"मग याला सॉरी म्हण."

मी भर रस्त्यात वाकले आणि म्हटलं. आजोबांनाही म्हटलं, मनातल्या मनात.

काकांनी पिशवी त्यांच्या मोठ्या टाकीत तरंगत ठेवली. आत शंभरेक निऑन असतील. वीस मिनिटांनी त्यांनी अलगद जाळीने त्याला सोडलं. क्षणभर तो जागच्या जागी थरथरला. मग तो निळा घोळका वळणावरून आला, त्याच्या बाजूने गेला, आणि आमचा मासा त्यात शिरला.

"सरका पुढे, जागा आहे," ठकी हळूच म्हणाली.

घोळका पानांमागे गेला, परत आला. थोड्या वेळाने एकही फिका दिसेना. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी रिकामाही झाला.

ठकीने काचेवर बोट ठेवलं, मोजायला लागली, सातावर अडकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग माझा हात ओढून तिने विचारलं,

"आई, यातला आपला कोणता?"