जावई, धोंडा अन पडद्याचा पंप

जावई ताटावरून उठला. तेही धोंड्याच्या ताटावरून. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी मले बोल लावायले नको.

अधिक महिना काही दरसाल येत नाही. आला का जावयाले बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे अन जाळीदार अनारसे वाढायचे. जावयाले त्यात काहीच करावं लागत नाही. बसायचं अन खायचं. आमचे जावई अविनाश मोठे शिकलेले, कारखान्यांले पंप विकणाऱ्या कंपनीत साहेब आहेत; पण त्यांच्याच्यानं तेवढंही झालं नाही. धोंड्याचा एक घास मोडला, शेडातून काही पडल्याचा आवाज आला, अन मांजरानं उंदीर ऐकावा तसे उठून चालते झाले. हातही धुतला नाही.

उंद्रीत रस्त्याच्या कडेला माझं कैरीच्या लोणच्याचं शेड आहे. चिखलीच्या दुकानांत बरणीवर माझं नाव असते, मनकर्णाबाई. पण गिऱ्हाईक नाव वाचत नाही, फोड पाह्यते. माझी फोड कोयीसकट, उभी अन ताठ. माझ्यासारखी.

मागल्या साली माझ्या पोरानं, गोविंदानं, बाल्ट्या उचलायचा ताप नको म्हणून जुन्या बाजारातून एक पंप आणला. आत गरगर फिरणारा पंखा. इकडून फोडी गेल्या अन तिकडून चटणी आली. वरून गोविंदा मोबाईलवर बोलत राह्यला, टाकी रिकामी झाली, अन पंप कोरडा फिरून फिरून जळला. दुकानदारांनी बरण्या वापस पाठवल्या. एक तर म्हणे, "आजी, दात पडलेल्यांसाठी वेगळा माल काढला काय?" ते बोलणं अजून माझ्या काळजात रुतून आहे. यंदा पुन्हा तसं झालं असतं, तर माझी बरणी कोणी फळीवर ठेवली नसती.

अन नेमका यंदाच गोजरबाईचा खांदा गेला. गोजरबाई शेडातली सगळ्यात जुनी बाई. टाकीतून लोणचं बाल्टीनं उपसून भरायच्या टेबलापाशी नेणं तिचं काम. ती हात गळ्यात बांधून बसलेली, टाकी तोंडोतोंड भरलेली, अन उपसायले कोणी नाही. गोविंदानं मर्दानगी दाखवत एक बाल्टी उचलली, ती पायावर पाडली अन कंबर धरून खाली बसला. जावयानं ऐकला तो हाच आवाज.

मीही पदर सावरत मागोमाग गेले. आता आमच्या घरची रीत सांगते. सासू जावयाशी तोंडातोंडी बोलत नाही. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड, जावई बाहेर, अन मधे माझी लेक छाया. मी सांगायचं छायाले, छायानं सांगायचं त्यांले. त्यांले माझं सगळं ऐकू येते, मले त्यांचं सगळं ऐकू येते, पण रीत ती रीत. लग्नापासून आमचा एक शब्द सरळ झाला नव्हता. शेडात पडदा कुठून आणू? मी पदर नाकापर्यंत ओढला, छायाले मधे उभं केलं अन भिंतीकडं तोंड केलं; पदराच्या फटीतून मात्र सगळं दिसत होतं.

तेवढ्यात जावयानं जीपमधून खोकं उतरवून आणलं. सकाळी ते खोकं पाहून मले वाटलं होतं, माझ्यासाठी साडी आणली. खोक्याच्या मापानं पैठणीच असंल म्हणून मी दिवसभर काही इचारलं नव्हतं. आतून निघाला पंप. दोन फुगलेल्या पुऱ्या एकमेकींले पाठ लावून उभ्या कराव्या, तसा.

"छाया, जावयाले इचार, हे काय आहे?"

"माय इचारते, हे काय आहे?"

"डायफ्रॅम पंप," जावई म्हणाले. "आईंले सांग, यात पंखा नाही. रबराचे दोन पडदे आहेत. पडदा मागं सरला का लोणचं आत ओढते, पुढं आला का बाहेर ढकलते. एक ओढते तेव्हा दुसरा ढकलते. पडद्याच्या एका अंगाले हवा, दुसऱ्या अंगाले लोणचं. हवा ढकलते, पण लोणच्याले शिवत नाही."

"म्हणजे लोहाराचा भाता," मी म्हणाले. "छाया, जावयाले सांग, लेकीच्या घरून आम्ही सुईसुद्धा घेत नाही. खोकं जीपमधे परत ठेवा म्हणा."

"घेऊ नका म्हणा," जावई म्हणाले, "नुसतं चालवून पाहा म्हणा."

गोजरबाई माझ्याकडं पाहत होती. गळ्यातला हात तिनं जरा वर उचलून दाखवला. माणसाले असं पेचात धरू नये.

"बरं. चालवा म्हणा. बटन कुठाय?"

जावयानं शेडाचे चारही कोपरे पाह्यले. "बटन नसते. हा हवेवर चालते. कॉम्प्रेसर लागते."

"मग तो कुठाय?"

जावई पंपाकडं पाहू लागले.

"छाया, जावयाले इचार, वरात दारात आली अन नवरदेव घरीच इसरला काय?"

गोजरबाई इतकी हसली का तिचा खांदा पुन्हा दुखला. शेवटी गोविंदाले समोरच्या पंक्चरच्या दुकानात पिटाळलं. दुकानदार देवानंद हवेची लांब नळी ओढत रस्ता ओलांडून आला, मागं एक ट्रॅक्टरवाला अर्ध्या भरलेल्या चाकापाशी बोंबलत उभा.

देवानंदनं पंपाभोवती चक्कर मारली. "मावशी, हे ट्यूबलेस आहे काय?"

"तू हवा दे बे. अक्कल देऊ नको."

पण मी माझी कैरी सरळ कोणाच्या पंपात घालणारी बाई नाही. घाटावरची पिकली करवंदं घरात होती, बोटानं दाबली तरी रडणारी. टोपलीभर करवंदं अन पाणी एका बाल्टीत टाकलं, अन म्हणाले, "यातून काढून दाखवा म्हणा."

गोविंदा लगेच तांब्या घेऊन धावला. मागल्या सालच्या पंपाले चालू करायच्या आधी पाणी पाजावं लागे, रडक्या पोरासारखं. जावयानं त्याले अडवलं. "याले पाजावं लागत नाही. आपल्या आपण ओढते."

"छाया, सांग, या घरात असा हा पहिलाच आला."

देवानंदनं नळी लावली. ठक-फुस्स, ठक-फुस्स. माझा सासरा घोरे तसा आवाज. करवंदं एकामागं एक दुसऱ्या बाल्टीत उतरली, काळी, गोल, तुकतुकीत. मी एकेक उचलून पाह्यलं. एक फुटलेलं सापडलं.

"छाया, जावयाले सांग, हे फुटलं."

"आईंले सांग, ते टाकतानाच फुटलेलं होतं."

ते मलेही माहीत होतं. पण सासूनं काहीतरी काढलं पाहिजे.

मग पंप धुऊन टाकीले जोडला. लोणचं निघालं, फोडी सगळ्या अख्ख्या, तेलात चमकत. पण धक्क्याधक्क्यानं येते बाप्पा ते. पहिलाच धक्का जावयाच्या छातीवर गेला. मी आहेरात दिलेला पांढरा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत हळदीचा झाला.

"हा याचा एक दोष आहे," जावई शर्टाकडं पाहत म्हणाले, "अन आवाज करते."

"छाया, सांग, दोष सांगून विकणारा माणूस मी पहिल्यांदा पाह्यला."

बरण्या भरत गेल्या. गोविंदाले लोणचं बाहेर पडणाऱ्या नळीच्या चावीपाशी उभं केलं होतं. मधेच त्याचा मोबाईल वाजला अन यानं चावी बंद करून बोलणं सुरू केलं. माझा जीव उडाला. आता नळी फुटंल, शेड तेलानं न्हाईल! मी कानावर हात ठेवले. काही झालं नाही. पंप मुकाट्यानं थांबला. फुटला नाही का तापला नाही. चावी उघडली तसा पुन्हा ठक-फुस्स. तोंड दाबल्यावर मुकाट थांबणारं माझ्या घरात दुसरं कोणी नाही, मी धरून.

शेवटाले टाकी रिकामी झाली. गोविंदा अजून मोबाईलवरच. पंपाचा आवाज एकदम बदलला, कोरडा, ठकठकठकठक, धावत्या बकरीच्या खुरांसारखा.

"जळला! जळला!" गोजरबाई ओरडली. देवानंद नळी सोडून पळाला. मी गोविंदाले जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

जावयानं शांतपणे हवा बंद केली अन पंपावर तळहात ठेवला. "आईंले सांग, हात लावून पाहा. कोरडा फिरला तर जळत नाही. लोणचं मिळालं तर लोणचं ढकलते, नाही तर नुसती हवा ढकलते."

मी हात लावला. गार. मागल्या सालच्या पंपानं तर बोट पोळवलं होतं.

गोजरबाईनं एक बरणी उघडली, चांगल्या हातानं फोड काढली अन चावली. कुर्रर्र झालं. तिनं कोय चोखली, माझ्याकडं पाह्यलं अन म्हणाली, "मनकर्णे, तुझीच फोड आहे व."

मग मी जावयाकडं वळले. पदर नाकावरून कपाळावर घेतला. छायानं सवयीनं तोंड उघडलं, "माय म्हणते का..."

"तू गप," मी म्हणाले. अन शर्ट हळदीचा झालेल्या, हातात पाना घेतलेल्या जावयासमोर सरळ जाऊन उभी राह्यले.

"जावईबापू, पंप गुणाचा आहे. फोडीले धक्का लावत नाही, तोंड दाबलं तर फुटत नाही, अन आपलं काम पडद्याआडून करते. घरंदाज आहे. माझी लेक तुमच्या घरी नांदते, तुमचा पंप माझ्या घरी नांदंल. फिट्टंफाट झाली, यात कोणी कोणाचं काही घेतलं नाही. पण धोंड्याच्या ताटावरून उठलात, ते मी माफ करणार नाही. हात धुवा अन पाटावर बसा. उपाशीपोटी चालत राहणं पंपाले शोभते, जावयाले नाही."