रोसित्साची तयारी

टक्.

ओट्यावरच्या एका बरणीचं झाकण आत बसलं आणि दुपारची सामसूम मोडली. भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी भरून नेवेनाने सकाळपासून बावीस बरण्या उकळल्या होत्या. आता त्या निवत होत्या आणि निवता निवता एकेकीचं झाकण असं घट्ट होत होतं. पलंगावरची चार वर्षांची बिलियाना कूस बदलून पुन्हा झोपली. नेवेनाने रोखलेला श्वास सोडला. लेक झोपलेली असते तेवढाच तास तिचा स्वतःचा.

आज तो तास स्पासोवाबाईंनी घेतला. हेडबाई फाटक न वाजवता आत आल्या आणि ओट्याकडे बघून म्हणाल्या, "बावीस? पलटण जेवायला येणार आहे की काय?"

"हळू बोला, बाई. उठली तर तुम्हीच सांभाळा."

स्पासोवाबाईंनी स्टूल ओढलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "रोसित्साचं इंग्लंडच्या शाळेशी बोलणं कधी?"

"गुरुवारी अकराला, कॉम्प्युटरवरून. भाषा बरी वाटली तर लगेच या म्हणतील. नाहीतर पुढच्या वर्षी."

"म्हणजे नाही वाटली, तर वर्षभर ती आपली."

नेवेना गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. वरच्या वर्गांत, पाचवी ते सातवी मिळून, रोसित्सा धरून दहा मुलं उरली होती. आकडा दहाच्या खाली गेला की वरचे वर्ग बंद होणार आणि मुलं बसने मोठ्या गावच्या शाळेत जाणार. तिथे इंग्रजी शिकवायला आधीच दोघीजणी होत्या. तिसरी कोणाला हवी होती?

"मी पाठवू नकोस म्हणत नाही," स्पासोवाबाई टेबलावरची मिरच्यांची सालं गोळा करत म्हणाल्या. "फक्त पोरीला फार घासूनपुसून देऊ नकोस. जे व्हायचं ते आपोआप होऊ दे."

"तुम्ही गणिताच्या. चुकीचं उत्तर कधी आपोआप येऊ दिलंत का मुलांना?"

"माझंच शिकवणं माझ्यावर उलटव! सहावीत होतीस तेव्हाही अशीच तोंडाळ होतीस." त्या उठल्या. दारात थांबून, पाठ वळवूनच म्हणाल्या, "बत्तीस वर्षं झाली गं मला त्या इमारतीत."

चार वाजता रोसित्सा आली. तेरा वर्षांची, गुडघ्यांवर खरचटलेलं, फ्रॉकच्या ओच्यात आलुबुखार. तिची आई तीन वर्षांपासून इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करत होती आणि ही इथे स्ताना आजीजवळ वाढत होती.

"शब्दकोश," नेवेना म्हणाली.

रोसित्साने जाडजूड शब्दकोश उचलून डोक्यावर ठेवला. या मुलखात 'हो' म्हणताना मान आडवी हलते आणि 'नाही' म्हणताना वर उडते. बाहेरच्या जगात नेमकं उलट. आपली मुलं परक्या देशात तोंडाने एक आणि मानेने दुसरंच बोलून गोंधळ घालतात, म्हणून नेवेनाचा वर्ग डोक्यावर पुस्तक ठेवून इंग्रजी बोलायचा. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघून हसायच्या, "ही काय सर्कस आहे का गं, बाई?"

हवामान, छंद, आवडता विषय, सगळं रोसित्सा धडाधड बोलली. मग नेवेनाने घरच्यांबद्दल विचारलं आणि पोरीचा आवाजच बदलला. वहीतली पाच वाक्यं, एकाच सुरात. डोळे भिंतीवर.

नेवेनाला हे माहीत होतं. या एका प्रश्नावर ही पोर अडकते, आणि परके लोक पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतात. 'पुरे आज, छान झालं,' हे शब्द नेवेनाच्या ओठांवर आले. म्हटले असते तर कोणाला कळलं असतं? ना रोसित्साला, ना तिच्या आईला.

आत बिलियाना झोपेत काहीतरी पुटपुटली. नेवेनाने वही मिटली आणि बाजूला सारली.

"पाठ केलेलं नको. आजीच्या बकरीचं सांग."

"बकरीचं? इंग्रजीत?"

"मग काय बकरीच्या भाषेत?"

रोसित्सा हसली. चाचपडत सुरुवात केली. बकरीने दोरीवरची चादर खाल्ली. आजीने झाडू घेतला. बकरी गाडीवर चढली. गाडी पोस्टमनची होती. क्रियापदं इकडची तिकडे पडत होती, पण पोरगी थांबेना. हात उडाले, शब्दकोश धाडकन जमिनीवर आला आणि तिचं लक्षही गेलं नाही. "आणि आई फोनवर इतकी हसली," ती इंग्रजीतच म्हणाली, "की मग रडली."

नेवेना ऐकत राहिली. याच क्षणासाठी ती वर्षानुवर्षं खडूची भुकटी गिळत आली होती. उसनी भाषा मुलाच्या अंगाला अशी लागते, घरच्या भाकरीसारखी. असा दिवस वर्षातून एकदा आला तरी तिला पुरायचा. तिने रोसित्साला ती गोष्ट आणखी चार वेळा सांगायला लावली.

गुरुवारी इंग्लंडमधल्या शाळेच्या बाई बकरीवर मोठ्याने हसल्या. यायला आवडेल का, असं विचारल्यावर रोसित्साने 'हो' म्हटलं आणि मान मात्र आडवी हलवली. त्या बाई गोंधळल्या. रोसित्सा घाबरली नाही. "आमच्याकडे हे असंच असतं," ती म्हणाली आणि त्यांनाच आडवी मान शिकवायला लागली. कॉम्प्युटरच्या पडद्याबाहेर बसलेल्या नेवेनाने तोंडावर हात दाबून धरला.

सोमवारी सकाळी स्ताना आजीच्या फाटकाबाहेर सगळे जमले. प्रवासाला निघालेल्यापुढे पाणी ओततात. ते ओलांडून जायचं आणि मागे बघायचं नाही, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ वाहते. आजीने तांब्याचा गडू उचलला, पण पाणी तिच्याच चपलांवर सांडलं.

"माझ्याच्याने होत नाही. घे, तूच ओत," तिने गडू नेवेनाच्या हातात कोंबला. "तूच पाठवते आहेस तिला."

रागाने म्हणाली की मायेने, नेवेनाला कळलं नाही. तिने पाणी ओतलं. गडूतलं झेंडूचं फूल ओघळत रस्त्यापर्यंत गेलं. रोसित्साने आधी आजीला, मग नेवेनाला घट्ट मिठी मारली, पाणी ओलांडलं आणि बसकडे चालू लागली. एकदाही वळली नाही. शिकवलेलं तिने या वेळी नीट पाळलं.

बस वळणाआड गेली तेव्हा स्पासोवाबाई शेजारी येऊन उभ्या होत्या.

"नऊ," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"बकरीचं ऐकलं मी. गावभर झालंय." त्यांनी नाक पुसलं. "तसं शिकवलं नसतंस ना, तर मीच तुझे कान धरले असते. चल, वर्ग चालू ठेवा म्हणून वर अर्ज करू. नऊ मुलं म्हणजे काही शून्य नाही."

त्या पुढे झाल्या. नेवेना रिकामा गडू घेऊन तिथेच उभी राहिली. बिलियानाने तिचा स्कर्ट ओढला.

"आई, रोसित्साला इंग्रजी आलं म्हणून ती गेली?"

"हो गं, राणी."

बिलियानाने ओल्या मातीत पाऊल दाबून ठसा उमटवला, तो नीट पाहिला आणि मान वर केली.

"मग मला कधी शिकवणार?"