खैरुनबीच्या गाडीचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. बाभळीचा, एका बाजूने उतरता, वीतभर उंच. माझ्यासारख्याने आपली हकीकत सांगावी का, याचा मी पुष्कळ विचार केला. गाडीने सांगावी, बैलांनी सांगावी. ठोकळ्याला कोण विचारतो? पण एका गोष्टीचा मला फार अभिमान आहे. ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म पेठ वडगावात केरबा सुताराच्या अंगणात झाला. कोल्हापुरात तेव्हा महाराजांचे राज्य होते. शमशुद्दीन पिंजाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची गाडी करायला टाकली होती. चाकाचा तुंबा, म्हणजे आरे बसतात तो मधला गड्डा, करून जो तुकडा उरला, तो मी. केरबाने मला दोनचार घाव घातले आणि शमशुद्दीनच्या हातात दिले.

"हे कशाला?" त्याने विचारले.

"चढावर बैलं दम खायाला थांबली की चाकामागं लावायचा. गाडी मागं येत न्हाय."

तेव्हापासून मी गाडीखाली दोरीला लटकत असे. गाद्या आणि कापूस घेऊन गाडी शिरोळपर्यंत जाई. तिकडचा मुलूख सपाट. माझी आठवण कोणालाच होत नसे. मला वाटे, आपण उगाचच जन्मलो.

मग एका हिवाळ्यात पन्हाळ्याला जायचे ठरले. शमशुद्दीनची म्हातारी आई खैरुनबी पन्हाळ्याची लेक. तिच्या धाकट्या भावाच्या, चमनच्या, घरी नातवाचे लग्न होते. शमशुद्दीन, त्याची बायको मलिका आणि त्यांची सात वर्षांची मेहमुदा, सगळेच निघाले. घरी बैल नव्हते. ते शेजारच्या पिराजीचे, म्हणून गाडी हाकायला पिराजीच. चमनसाठी गुळाची मोठी ढेप घेतली. सासूला टेकायला बरे पडेल म्हणून मलिकेने ती मागच्या अंगाला ठेवली आणि तिच्यापुढे गादी घातली.

शियेच्या वाटेने केर्ली गाठेपर्यंत मेहमुदेने गडाबद्दल विचारून विचारून सर्वांना भंडावले. "दादी, अंबरखाना केवढा? अंधारबावीत भूत हाय?"

"भूत न्हाय. पाणी हाय, गारेगार," खैरुनबी म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वरातीला एकच गाडी हुती. घाट उतारताना बैलांना भार नगं म्हणून मला खाली उतरवली. भांडी गाडीत आणि नवरी पायी. माझी अम्मा वर हुभी राहून बघत हुती. भांड्यापरास माझी पोरगी हलकी झाली, म्हणून रडली."

पुढे माहेरी ती गेली ती पायीच. घरात गाडी नव्हती. आईबाप गेले. सासूचे टोमणे ऐकता ऐकता ती स्वतः सासू झाली. मनात मात्र एकच होते: एकदा गाडीत बसून घाट चढायचा आणि बसल्या बसल्या भावाच्या दारात जायचे. आता तिचे गुडघे आखडले होते. ही खेप चुकली तर पुन्हा येणे नव्हते.

वाघबीळ मागे पडले आणि घाट सुरू झाला. तिथल्या रिवाजाप्रमाणे पिराजी खाली उतरला आणि बैलांच्या पुढे चालू लागला. शमशुद्दीन उतरला, मेहमुदेला उतरवले. मलिकेने मला दोरीतून सोडवून हातात घेतले आणि ती चाकामागून चालू लागली.

"चाची, उतरा की," पिराजी म्हणाला.

"उतरणार न्हाय."

"माझी बैलं हायत, हत्ती न्हायत!"

"मी पन काय हौदा न्हाय. हाक गप."

शमशुद्दीन मान खाली घालून हसला. आईला सांगण्याची त्याची छाती नव्हती.

थोडे चढलो, बैल थांबले, मलिकेने मला चाकामागे सारले. पुन्हा चढलो, पुन्हा थांबलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर भार आला. मला तो गोड वाटला.

पण एक चूक सगळ्यांच्या हातून झाली होती. बैलांची कणव येऊन पुढे बसलेली माणसे उतरली. मागे राहिली ढेप आणि तिला टेकलेली म्हातारी. उभ्या चढाच्या वळणावर गाडी उलाळली. मागची बाजू दबली, जू वर उचलले, बैलांच्या गळ्यातली जोती आवळली. बैल घोगऱ्या आवाजात ओरडले, त्यांचे पाय सुटले आणि गाडी मागे येऊ लागली. एका बाजूला दरी होती.

"अम्मा!" शमशुद्दीन ओरडला.

मलिका ओरडली नाही. तिने गुडघे टेकून मला दोन्ही हातांनी चाकाखाली कोंबले. चाकावरची लोखंडी धाव माझ्या अंगात रुतली, माझी एक कड फुटली. मी मातीत सरकलो, एका दगडाला अडलो, आणि मित्रांनो, मी चाक धरले. गाडी थांबली.

पिराजी आणि शमशुद्दीन जूला लोंबकळले. "आता तरी उतरा!" पिराजी कळवळून म्हणाला. "बैलं मरतील माझी."

खैरुनबी घाबरली होती. तिने बैलांकडे पाहिले, वरच्या तटाकडे पाहिले. उतरण्यासाठी तिने पायही खाली सोडला. मग ती थांबली.

"भार मागं पडला म्हणून गाडी उलाळली न्हवं?"

"व्हय."

"मग भार म्होरं न्हेते की."

तिने पाय वर घेतला आणि गुडघ्यांवर रांगत ती थेट पुढे, गाडीवानाच्या जागी, जाऊन बसली. शमशुद्दीनने ढेप मध्ये ओढली. जू खाली आले. बैलांनी मोठा श्वास सोडला.

"चाची, तितं गाडीवान बसतो. बाईमाणूस न्हाय," पिराजी म्हणाला.

"मग आज मी गाडीवान. कासरा दे."

त्याने कपाळाला हात लावला, आणि कासरा दिला.

गडाच्या तोंडाशी चमन वाट बघत बसला होता. त्याची नजर अधू झाली होती. "कोण ह्यो गाडीवान? डोक्यावर पदर घेतलाय!" तो मोठ्याने म्हणाला. गाडी जवळ आली तसा तो उठून उभा राहिला. "आपा?"

"व्हय. गूळ मागं हाय, चमन. मी म्होरं हाय."

 चमनने बैलांचा कासरा हातात घेतला आणि बहिणीला तशीच, बसलेली, आपल्या दारापर्यंत नेले.

तिथे उतरल्यावर खैरुनबीने मलिकेकडून मला मागून घेतले आणि माझ्या अंगावरची माती पदराने पुसली. "पोरी, मला ह्यानं धरलं आणि ह्याला तू," ती सुनेला म्हणाली. ते चार शब्द मी आजवर जपले आहेत.

मी गड पाहिला नाही, अंगणातच होतो. अंबरखान्याच्या धान्यकोठारात ओरडले की आवाज कसा घुमतो, ते मेहमुदेने मला परतताना ओरडून दाखवले.

पुढे मोटारी आल्या. गाडी मोडली, तिचे लाकूड जळणाला गेले. मीही कैक वर्षे परसात शेणात पडून होतो. एकदा चुलीपाशीही पोचलो. पण मेहमुदेने माझी फुटकी कड ओळखली. ती आता स्वतः दादी झाली आहे. तिने मला धुऊन दारामागे ठेवले. वाऱ्याने दार मिटू नये, म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे एखादे बिनकामाचे लाकूड पडलेले असेल. चुलीत घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. माझ्यापुरते म्हणाल, तर मी कामात आहे. या घराच्या लेकी माहेरी येतात तेव्हा दार उघडे असते. ते मी धरलेले असते.