बारीक वहीतली नोंद

धाकट्याने दुकानातून बापाचं शिलाई मशीन उचलून नेलं, त्या दिवसापासून थोरल्या शिंप्याच्या तोंडाला कडूपणा आला होता. शाळेचे चाळीस गणवेश कापून पडले होते आणि शिवायला हातातल्या सुईशिवाय काही नव्हतं. सकाळीच तो चौकीत गेला.

तिथल्या हवालदाराने विचारलं, आत कसा शिरला? थोरल्याने खरं सांगितलं: किल्लीने. एक किल्ली त्याच्याकडेही आहे. हवालदाराने जाड वही बाजूला सारून बारीक वही ओढली, दोन ओळी खरडल्या आणि म्हणाला, "मास्तर, हा अदखलपात्र. घरातलं भांडण. कोर्टात जा."

"मग दखलपात्र कशाला म्हणतात?"

"कुलूप फोडून शिरला असता तर आम्ही स्वतः उचलला असता."

थोरला तडक दुकानात आला. बायकोने विचारलं, कुलपावर का आपटताय? तो म्हणाला, कायद्याचं काम आहे, तू मध्ये बोलू नकोस. जडशीळ इस्त्रीने चार घावांत काम झालं.

दुपारी पाळी बदलल्यावर तो पुन्हा गेला. नव्या हवालदाराने तुटकं कुलूप पाहून जाड वही उघडली. संध्याकाळी धाकटा चौकीत आणि मशीनही. शेजाऱ्यांसमोर पोलीस भावाला नेत असताना थोरल्याला इतका आनंद झाला, की त्याने बघायला जमलेल्या सगळ्यांना खुर्च्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मशीन न्यायला गेला. मशीनच्या चाकाला सुतळी बांधून चिठ्ठी लटकवली होती.

दुपारच्या हवालदाराने सांगितलं, मुद्देमाल आहे, खटला संपेपर्यंत इथेच. थोरल्याच्या डोळ्यांसमोर चाळीस पोरं उघडी उभी राहिली. तो घाईघाईने म्हणाला, मी फिर्याद मागे घेतो, भाऊच आहे शेवटी.

"बारीक वहीत असतं तर तुमच्यावर होतं," हवालदार म्हणाला. "दखल आम्ही घेतली. आता फिर्याद तुमची राहिली नाही."

कोपऱ्यातल्या बाकावरून धाकटा म्हणाला, "दादा, माझ्याकडे किल्ली असताना मी कुलूप कशाला फोडू? मला वेड लागलंय?"

"चोराने मध्ये बोलू नये."

तेवढ्यात सकाळच्या पाळीचा हवालदार डबा विसरला म्हणून परत आला. त्याने थोरल्याला ओळखलं, मशीन पाहिलं, कुलूप पाहिलं. त्याने बारीक वही काढून कालचं पान उघडलं आणि दुपारवाल्यापुढे सरकवली. दुपारवाल्याने 'किल्लीने उघडून' या शब्दांवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही.

"साहेब," धाकट्याने अदबीने विचारलं, "पोलिसांना खोटी फिर्याद देणं, हे कुठल्या वहीत जातं?"

दुपारवाल्याने जाड वही जवळ ओढली आणि थोरल्याला बसायला सांगितलं. बाकावर धाकट्याशेजारीच जागा होती.

धाकटा सरकला नाही.